सोळावी पिंडी

“सोळावा सोमवार पुरा केलास ना, चारू?” घाटाच्या पायरीवर वाती वळता वळता म्हाताऱ्या अंबूमाईंनी विचारलं.

चारुशीलेनं नकारार्थी मान हलवली.

आई अंथरुणाला खिळली तेव्हा कृष्णेच्या याच घाटावर, माईंच्या पुढ्यात, ती नवस बोलली होती. सोळा सोमवार वाळूची पिंडी करीन, पुजीन, त्याच दिवशी नदीत सोडीन. आईला उठू दे.

पंधरा सोडल्या. सोळावीच्या दिवशी आईला धाप लागलेली... पिंडी सोडायला हात धजावला नाही. आई गेली ती गेलीच. पिंडी दोन वर्षं डब्यात.

आज तो डबा तिच्या मांडीवर होता.

“माई, मी उद्या परदेशी चाललेय. ही तुमच्या देवघरात ठेवाल?”

“कशाला चाललीस? ते मेलेले तारे बघायला?”

“मरणारे, माई.” चारूच्या आवाजात जरा तोरा आला. “त्यांच्याभोवतीची धूळ कशाची, ते मी ओळखते.”

“तिथं जाऊन?”

“इथूनच! धूळ तापली की डोळ्यांना न दिसणारा प्रकाश सोडते. अवरक्त म्हणतात त्याला. यंत्रानं तो उलगडला की प्रत्येक खनिज आलेखात आपापल्या जागी उंचवटा दाखवतं.”

“म्हणजे नुसत्या धगीवरून सांगायचं, चुलीत बाभूळ आहे की गोवऱ्या!”

चारू हसली. “अगदी तसंच. परवा एका ताऱ्यापाशी ऑलिव्हिन नावाचं खनिज सापडलं. हिरवट असतं. आपल्या काळ्या दगडातही असतं ते.”

माईंची वात अर्धीच राहिली.

“ह्या पायरीत?”

“पायरीत. या पिंडीच्या वाळूतसुद्धा असेल.”

माईंनी पायरीला हात लावला, कपाळाला लावला.

“आणि तो तारा? जपून ठेवतो का गं ती धूळ?”

“छे, सगळी उधळून टाकतो. म्हणून तर पुढं तिच्यातून नवे तारे, नव्या पृथ्व्या...”

चारू थांबली. डब्यावरची बोटं घट्ट झाली.

“माई, ही विरघळली तर आईचं काहीच उरणार नाही हो...”

माईंनी हलकेच झाकण काढलं. पिंडीचा माथा केव्हाच ढासळला होता. त्यातला एक कण बोटावर घेऊन त्यांनी उन्हात धरला.

“ओळख.”

कण हिरवट चमकला. चारू डबा घेऊन उठली.

माई तिचा हात धरून शेवटच्या पायरीवर उतरल्या. पाणी दोघींच्या घोट्यांशी आलं.

“ताऱ्यानं सोडली, पोरी. आता तूही सोड.”