क्षेमराजाचा तराजू

एका राज्यात सेनापती मांजराला भीत असे. हसू नका, ते मांजर सेनापतीइतकंच बलवान होतं. आणि त्याच राज्यात एक खापरपणजी दारात आलेल्या वाघाला उलथन्याने हाकलून पुन्हा चुलीपाशी येऊन बसे. तो वाघ तिच्याइतकाच दुबळा होऊन पळत असे.

हे सगळं घडलं राजा क्षेमराजाच्या मायेपायी. त्याला एकुलती एक लेक, सौदामिनी. ती पाळण्यात होती तेव्हाच राजाने धास्ती घेतली, की हिला उद्या कुणी वरचढ भेटला तर? त्याने मायावी कालकेतूला बोलावून आज्ञा केली, "माझ्या राज्यात कुणाची गाठ स्वतःपेक्षा बलवान शत्रूशी पडू नये."

"तथास्तु," कालकेतू म्हणाला. "मात्र दुबळ्याशीही पडणार नाही."

राजाने मान डोलावली. अहो, निदान एक रात्र तरी विचार करावा की नाही! पण मायेला कुठली आलीय सबुरी? कालकेतूने काळ्या डोंगराच्या गुहेत सोन्याचा तराजू टांगला, राखणीला राक्षस बसवला आणि तो आपल्या वाटेने निघून गेला.

झालं, त्या दिवसापासून जो जसा, तसा त्याचा शत्रू. तालमी ओस पडल्या. जोर काढून दंड फुगवावे, तर दारचा कोंबडाही तेवढाच फुगायचा; मग फुकट घाम कोण गाळील? वस्ताद रणोजी तेवढे तालमीत उरले, आणि त्यांची एकच शिष्या, सौदामिनी.

एके दिवशी वस्तादांना ताप आला. दुबळ्याचा ताप दुबळा, तो काढ्याने उतरे. पण वस्ताद राज्यात सर्वांत बलवान. त्यांच्या तापापुढे काढ्याची काय मात्रा चालणार? वस्तादांची आणि तापाची कुस्ती जुंपली ती सुटेना. वस्ताद झिजत, तसा तापही झिजे, पण हटत नसे. दोघे एकदमच संपणार, असं वैद्याने चाचरत सांगितलं.

सौदामिनी उशाशी बसून रडू लागली.

"रडतेस काय?" वस्ताद पुटपुटले. "ऊठ, बैठका मार."

"कशासाठी, वस्ताद? पोरवयापासून मारतेच आहे. काल खुराड्यावर आलेल्या कोल्ह्याने मला दुपारपर्यंत दमवलं."

वस्तादांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. ते तिच्या फार जिव्हारी लागलं.

तेव्हा खिडकीतली साळुंकी बोलली, "राजकन्ये, तो तराजू तुटला तर वस्ताद वाचतील. पण वाटेत तिघे आहेत. नदीच्या उतारावर कुत्र्याचं पिल्लू, खिंडीत अस्वल, गुहेत राक्षस."

"तिघांत भारी कोण?"

"सगळे तुझ्याइतकेच. तेच तर रडगाणं आहे."

सौदामिनी निघाली, साळुंकी तिच्या खांद्यावर बसली. उतारावर पिल्लाने राजकन्येला चार वेळा पाण्यात आपटलं. बरं, वर शेपूट हलवीत होतं! पाचव्या वेळी तिने त्याला बगलेत दाबून नदी ओलांडली. खिंडीत पोचली तेव्हा ती अर्धमेली झाली होती, म्हणून अस्वलही अर्धमेलंच निघालं. दोघं एकमेकांना ढकलून ढकलून दमली आणि धापा टाकीत शेजारी बसली. सौदामिनी आधी उठली, एवढाच काय तो विजय.

गुहेत राक्षस उभा होता, राजकन्येच्याच उंचीचा. तिने मूठ आवळली. तेवढ्यात साळुंकी खांद्यावरून झेपावली, तर राक्षस आक्रसून साळुंकीएवढा झाला. सौदामिनी पुढे सरली, तो पुन्हा वाढला. साळुंकी फडफडली, पुन्हा घटला. वाढून घटून त्याला गरगरू लागलं.

"एकदाचं ठरवा हो, कोण लढणार ते!" राक्षस कपाळ धरून खाली बसला. "येईल त्याच्या मापाचा होता होता माझी स्वतःची उंचीच मी विसरलो."

सौदामिनीला त्याची दया आली. "मग तराजू तोडत का नाहीस?"

"मी हात घातला की तो माझ्याइतका भक्कम होतो. तुझंही तेच होईल."

सौदामिनी विचारात पडली. एकाला एक मापतो हा. दोघांना एकदम कसा मापेल? तिने साळुंकीला खुणावलं.

"थांब," राक्षस म्हणाला. "खोटं बोलत नाही. तराजू तुटला की मी खरा होईन. मग गुहेची राखण करणं हा माझा धर्म. तू माझ्यापुढे टिकणार नाहीस."

सौदामिनी एक पाऊल मागे सरली. पण भिंतीकडे तोंड फिरवलेले वस्ताद तिला आठवले. ती एका पारड्याला लोंबकळली, साळुंकी दुसऱ्यावर बसली. आता राजकन्येइतकं व्हावं की साळुंकीइतकं, हे तराजूला ठरवता येईना. साखळी थरथरली आणि तुटली.

राक्षस वाढला. छताला टेकला, छत फोडून वर गेला, सात ताडांएवढा झाला. सौदामिनी जन्मात पहिल्यांदा पळाली. पळताना हसत होती. मागून गडगडाट आला, "पुन्हा ये! तयारी करून ये!"

खिंडीत अस्वल होतं, आता पुरतं अस्वल. ती झाडाआडून हळूच सटकली. उतारावर पिल्लू तिच्या पायात लोळलं. वेशीजवळ कोल्ह्याने तिला पाहिलं मात्र, शेपूट घालून धूम ठोकली. बिचाऱ्याचं काय चुकलं होतं? पण त्याला पळताना पाहून तिच्या डोळ्यांना धार लागली. इतक्या वर्षांच्या बैठका तिला तिथे भेटल्या.

वस्ताद अंथरुणात उठून बसले होते आणि भाकरी मागत होते. राजाने लेकीला कवटाळलं. "पोरी, मला फार भीती वाटते."

"मलाही वाटते, बाबा. वाटू द्या."

मग राजाने उताराशी, खिंडीशी आणि गुहेशी इशारा कोरलेले दगड रोवले. पुढे काय आहे, ते ज्याला त्याला आधीच कळू लागलं. सेनापतीने मांजराला मांडीवर घेतलं, आणि खापरपणजी वाघ दिसला की दाराला कडी घालू लागली.

दुसऱ्या सकाळी वस्ताद काठी टेकीत तालमीत आले.

"कुठवर पोचलीस?"

"कोल्ह्याच्या पुढे, वस्ताद. अस्वलाच्या अलीकडे."

"आणि राक्षस?"

"डोंगरातच आहे. जेवढा होता तेवढाच."

"मग मार बैठका," वस्ताद म्हणाले, आणि सौदामिनीने कशासाठी म्हणून विचारलं नाही.