देवाची हरकत नाही

विषय : धानबा कुंभार यांच्या सुटकेस देवाची संमती मिळणेबाबत.
संदर्भ : महंतांचा तोंडी हुकूम. मुदत तीन दिवस.

उपरोक्त विषयी सादर करण्यात येते की, श्रीटेकनाथ देवसत्ताक प्रजासत्ताकात राष्ट्रप्रमुख साक्षात देव होते. देव कुणाशी बोलत नसल्याने कारभार महंत गंभीरपुरी पाहत. दर पाच वर्षांनी निवडणूक होई. लोक आपले मत चिठ्ठीवर लिहून मातीच्या बंद मडक्यात, वरच्या चिरेतून टाकत. मग मडकी वाजतगाजत देवळाच्या माळ्यावर जात आणि संध्याकाळी महंत निवडून आल्याचे जाहीर होई.

ही मडकी धानबा कुंभार घडवी. यंदा पारावर बसून त्याने एवढेच विचारले, "वीस वर्षं मडकी देतोय. एकाचंही खापर कधी दिसलं नाही. मडकं न फोडता आतली मतं मोजतात कशी?"

दुपारपर्यंत धानबा तुरुंगात! आरोप : मडक्यावर संशय घेऊन देवाच्या भावना दुखावणे.

त्याची मुलगी सगुणा महंतांपुढे जाऊन उभी राहिली.

"महाराज, माझ्या बापाला वकील तरी द्या!"

"दिलाय की! सरकारी वकील. फिर्यादीचाही तोच आहे, त्यामुळे दोन्ही बाजू त्याला नीट ठाऊक."

"मग सुनावणी कधी?"

"झाली. तुझा बाप तेव्हा झोपला होता, म्हणून उठवला नाही. आम्ही काही निर्दय नाही गं!"

"आणि शिक्षा?"

"जन्मठेप. पण माफी मागण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. अर्ज कर आणि त्यावर राष्ट्रप्रमुखांची संमती घेऊन ये. माझी नव्हे हं, खुद्द देवाची! तीन दिवसांत आणलीस तर बाप तुझा, नाहीतर तो जन्मभर आमचा!"

दरबारी मंडळी खो खो हसली. सगुणा हसली नाही. ती देवळात जाऊन खांबाला टेकून बसली आणि दोन दिवस नुसती बघत राहिली.

हुकूम मंजूर होण्याची रीत ठरलेली होती. गाभाऱ्यात महंत हुकूम मोठ्याने वाचत. वाचण्याचा अधिकार त्यांचा एकट्याचा. वाचून कागद खाली केला की घंटेवाला भिवा सात टोल देई. सात टोल होईपर्यंत देवाने हरकत घेतली नाही, तर शिक्केवाले बापूराव कागदावर 'देवाची हरकत नाही' असा शिक्का मारत. सावलीत उभे राहण्यावरचा कर याच वाटेने मंजूर झाला होता. मंगळवारी हसायला बंदीही याच वाटेने आली. देवाने आजवर एकदाही हरकत घेतली नव्हती. भिवा कानाने ठार बहिरा, त्याची नजर फक्त कागदावर. बापूरावांना कागदात काय आहे याच्याशी कर्तव्य नव्हते, ते टोल मोजत.

तिसऱ्या दिवशी आरतीला ही गर्दी! महंत गाभाऱ्यात उभे. सगुणा पुढे झाली.

"महाराज, कागद आणलाय!"

"आणलास? बघू, बघू!" महंतांनी तो हिसकावला आणि सगळ्यांना मजा कळावी म्हणून खणखणीत आवाजात वाचला, "'धानबा कुंभारास आजच्या आज सोडण्यात यावे.' बस? अगं, हा तर तुझाच अर्ज! देवाची संमती कुठाय?"

आणि त्यांनी कागद खाली केला.

टण्!

"भिव्या, थांब रे!"

टण्! टण्!

"महाराज," सगुणा हळूच म्हणाली, "देव विचार करतायत. टोल चालू असताना मध्ये बोलू नये, असा तुमचाच हुकूम आहे."

महंत ओठ चावत राहिले. सात टोल झाले. बापूरावांनी त्यांच्या हातातला कागद अलगद काढून घेतला, शिक्क्यावर फुंकर मारली आणि धप्प!

"ही घ्या संमती," सगुणा म्हणाली.

"पण माझी हरकत आहे!"

"तुमची असेल हो. नियमात देवाची लागते."

"अगं, ते कधी बोलतात का!"

बापूराव शिक्का हातात धरून तसेच उभे राहिले.

"असं चारचौघांत म्हणू नका, महाराज," सगुणा काळजीने म्हणाली. "देवाचं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे असं ठरलं, तर वीस वर्षांचे सगळे हुकूम बाद! त्यात तुमच्या गादीचा हुकूम पहिला!"

महंतांनी देवाकडे पाहिले. मग गर्दीकडे. मग आपल्या गादीकडे. आणि एकदम पोट धरून हसत सुटले.

"सोडा रे त्या कुंभाराला! पोरी, जिंकलीस तू! माग, काय बक्षीस हवं ते माग!"

"मोठं काही नको, महाराज. माझा आणखी एक अर्ज आहे. तो आवक वहीत पहिल्या क्रमांकावर घ्या. तो वाचल्याशिवाय गाभाऱ्यात दुसरा कुठलाच कागद वाचायचा नाही. एवढंच."

"एवढंच?" डोळे पुसत महंतांनी देवाच्या पायांवर हात ठेवला. "ही घे शपथ! दिलं! बापूराव, लिहा पहिला क्रमांक! आण इकडे तो अर्ज."

त्यांनी घडी उघडली आणि त्यांचे हसू थांबले. आत एकच ओळ होती : 'माळ्यावरची मडकी सर्वांसमोर फोडून मते मोजण्यात यावीत.'

भिवाने दोर घट्ट धरला. बापूरावांनी शिक्का शाईत बुडवला. महंतांनी तोंड उघडले, मिटले, पुन्हा उघडले आणि शेवटी गळ्याकडे बोट दाखवून मान हलवली.

सद्यःस्थिती : धानबा कुंभार त्याच दिवशी घरी पोहोचला. महंतांचा घसा तेव्हापासून बसलेला आहे, वैद्यांना कारण सापडलेले नाही. क्रम मोडता येत नसल्याने गेल्या आठ महिन्यांत राज्यात एकही नवा हुकूम निघालेला नाही. त्यावाचून अडल्याची कुणाची तक्रार या कार्यालयात आलेली नाही. सगुणा हिचा अर्ज प्रलंबित आहे.