निम्मं ठमाचं

ऐका मंडळी. आपल्या पणज्यांच्याही पणज्यांच्या वेळची ही गोष्ट. तेव्हा आंबेदऱ्याच्या वरच्या पठारावर डोंगरी उंदीर होते. अंगठ्याएवढे, करडे, लांब शेपटीचे. रानगवताचं बी आणि वरईचे दाणे ते बिळात साठवायचे.

गावात ठमा नावाची एक विधवा होती. जमिनीला कान लावून ती सांगायची, कुठल्या बिळात किती दाणा आहे, असं म्हणतात. पोटाला कमी पडलं की बीळ उकरायची, निम्मे दाणे घ्यायची, निम्मे ठेवून माती लोटायची. "त्यांनाही लेकरं आहेत," म्हणायची.

मग दुष्काळ पडला. लोक कंद उकरून उकरून थकले. ठमाला बघवेना. तिने गावाला सगळी बिळं दाखवली आणि बजावलं, "निम्मंच घ्या रे बाबांनो." गाव हो हो म्हणालं. पहिल्याने निम्मं घेतलं, मागून आलेल्याने उरलेल्यातलं निम्मं, त्याच्या मागच्याने त्यातलं निम्मं. प्रत्येकाने शब्द पाळला आणि बिळं रिकामी झाली. त्या थंडीत उंदीर पठारावर मरून पडले.

दुसऱ्या सालीही पाऊस नाही. वाचलेल्या चार उंदरांनी कड्याच्या टोकाला एकच नवं बीळ भरलं होतं, ते ठमाशिवाय कुणाला ठाऊक नव्हतं. तिची लेक झिमा तान्हं घेऊन दारात आली.

"आये, दूध आटलं गं माझं."

 ठमाने त्या बिळातले निम्मे दाणे आणून लेकीच्या पदरात घातले. पण झिमाच्या चुलीचा धूर गावाने पाहिला. "लेकीला देतेस, आणि आम्ही मेलो का?" म्हणत माणसं झिमाचं गाडगं घेऊन गेली आणि बीळ राखायला धावलेल्या ठमाच्या मागावर कड्यापर्यंत पोचली. ती बिळावर आडवी पडली. तिला वेणीला धरून बाजूला ओढलं आणि बीळ उकरलं. ओंजळभर दाणे निघाले. ज्याच्या हाती लागले त्याने तिथेच कच्चे खाल्ले. यांना काय म्हणावं, सांगा!

तिसऱ्या दिवशी झिमाचं बाळ गेलं. त्याला माती देऊन ठमा कड्यावर गेली आणि त्या उकरलेल्या बिळात शिरली, असं म्हणतात. एवढी बाई त्या भोकात मावली कशी, असं पोरं विचारतात. अरे, भुकेने ती उरलीच होती कितीशी! तेव्हापासून पठारावर एकही उंदीर कुणी पाहिला नाही.

आजही वरई काढली की आंबेदरा वाजतगाजत कड्यावर जातो. भरलेल्या पाट्या ठेवतात, नारळ फोडतात, हात जोडतात. "निम्मं तुझं, ठमाआई." मग त्याच पाट्या डोक्यावर घेऊन सगळे घरी येतात. खायला आता वर आहे कोण, असं म्हणतात.