आठवी घंटा

फार फार मागची गोष्ट. तेव्हा माळाला कुंपण नव्हतं आणि राजाच्या हद्दीचे दगड नुसते गवतात पडून असत. मोठ्यांनी ही गोष्ट नीट ऐकावी. लहानांनी ऐकली तरी चालेल.

त्या माळावर एक मेंढपाळ होता. त्याच्याकडे दीडशे मेंढ्या होत्या आणि सात घंटा. घंटा काही प्रत्येक मेंढीला बांधत नाहीत. कळपाच्या पुढे चालणारा एडका, मागे रेंगाळणारी म्हातारी, काट्यात तोंड घालणारी एक, फुटून जाणाऱ्या दोघी, अशांनाच बांधतात. सातही घंटांचा नाद वेगळा होता. मेंढपाळ बाभळीला पाठ लावून डोळे मिटून बसे आणि कळप कुठे आहे, कसा चालला आहे, मागे कोण राहिलं, ते सांगे. चुकत नसे.

"बाकीचे बघून बघून डोळे शिणवतात," तो म्हणे. "मी ऐकतो."

त्याला आपल्या कानांचा गर्व होता. गर्व करावा असे ते कान होतेही.

त्याला एकच मुलगी. भिवरी तिचं नाव. वय सहा, फार तर सात. तिची आई सकाळी कातलेली लोकर घेऊन गावात जाई आणि धान्य घेऊन दुपार कलल्यावर परते. तोवर भिवरी मुक्कामाच्या तळाजवळच्या खळग्यात कोकरं राखी. बाप वरच्या उतारावर मोठा कळप चारी. मध्ये हाकेएवढं अंतर.

बाप मुलीवर जीव टाकणारा होता. तसं तोंडाने म्हणत नसे. भाकरीचा मधला मऊ भाग तिच्यासाठी ठेवी आणि कडा आपण खाई. तिच्या केसांतले गोखरू एकेक करून काढी. पण एक गोष्ट होती. त्याला चैन नसे.

भिवरी चार वर्षांची असताना एकदा दिसेनाशी झाली होती. दिवस मावळेपर्यंत शोधली. शेवटी सापडली ती कोकरांच्या गर्दीत, गाढ झोपलेली, तोंडावर लोकर. तेव्हापासून त्याच्या आत काहीतरी सुटलं होतं, ते पुन्हा जागेवर बसलं नव्हतं. घास तोंडात असताना तो उठे. पोर कुठे आहे? बोलता बोलता मान वळवी. पोर कुठे आहे? दिवसातून दहादा उतार उतरे, तिला बघे, परत चढे. माघारी वळला की पुन्हा तेच. तेवढ्यात कळप पांगे.

एक दिवस त्याला उपाय सुचला. मेंढपाळालाच सुचेल असा तो उपाय होता.

त्याने जत्रेतून आठवी घंटा आणली. सगळ्यांत लहान, बोराएवढी. काळ्या लोकरीची दोरी स्वतः वळली आणि ती घंटा भिवरीच्या कमरेला बांधली. गाठ त्याच्या बापाने शिकवलेली होती. ओढली की आवळते. सोडायची तर दोरीचं एक टोक उलटं आत ढकलावं लागतं. परक्याला ते सापडत नाही.

बायको दळण निवडत बसली होती. तिने मान वर केली.

"काय चाललंय हे?"

"घंटा बांधतोय."

"ते दिसतंय. पोरगी हाय ती, मेंढी न्हाई. उद्या तिची लोकर कातराल."

"तुला काय कळतंय त्यातलं."

"न्हाई बाई, मला काय कळणार. एवढंच सांगा, हिला पाला मी तोडू का तुम्ही?"

भिवरी खदखदून हसली आणि चार पायांवर बें बें करत आईच्या मांडीत जाऊन धडकली. मेंढपाळ हसला नाही. तो घंटेचा नाद ऐकत होता. बारीक होता, पण लांब पोचणारा. त्याला हवा होता तसाच.

त्या दिवसापासून त्याचे उतारावरचे फेरे बंद झाले. तो बाभळीखाली बसे. सात नाद वर, एक नाद खाली. खालचा नाद आला की तो श्वास सोडी.

पण चैन पडली असं कुणी समजू नये. आधी पोर दिसली नाही की तो उठत असे. आता नाद थांबला की उठू लागला. भिवरी खडे मांडत बसली की घंटा गप्प होई आणि बाप उतारावरून ओरडे, "भिवरे!" ती ओरडे, "हाय की!" असं दोन दिवस झालं. तिसऱ्या दिवशी ती शहाणी झाली. खेळता खेळता मधूनच कंबर हलवी. हात मातीत, डोळे मातीत, आणि कंबर हलतेय. म्हणजे बापाला उठायला नको.

हे बापाला माहीत नव्हतं. त्याला नाद तेवढा माहीत होता.

संध्याकाळी तो जेवायला बसला की ती समोर बसून बोले. तिचं बोलणं पाण्यासारखं असे, वाट फुटेल तिकडे.

"आबा, एडक्याची शिंगं आतनं पोकळ असत्यात?"

"हं."

"आबा, मी आईची जुनी चप्पल घालून गेले. तिथं पाय लई भाजतात."

"हं."

"तिथनं आपला एडका कसा दिसतो सांगू? मुंगीएवढा!"

"हं. भाकर खा."

हं म्हणताना त्याचा कान कळपाकडे असे. दीडशे जनावरं रात्रीसाठी बसवायची असतात. ज्याने बसवली आहेत त्याला ते कळेल. त्याचं अगदीच चुकत होतं असं मी म्हणणार नाही.

एका सकाळी भिवरी त्याच्यासमोर येऊन उभी राहिली. कमरेवर दोन्ही हात.

"आबा, ही सोड."

"का?"

"ही वाजली की ती उठते. उठली की वरडत फिरते. अंडी उन्हात पडतात. भाजतील की!"

"कोण उठते?"

"टिटवी! चारदा सांगितलं तुला. चार अंडी हायेत. उघडी, दगडांत. तू ये की माझ्यासंगं, दावते. त्या काळ्या..."

तेवढ्यात वर पाचवी घंटा खडखडली. काट्यात तोंड घालणारी अडकली होती. मेंढपाळ काठी घेऊन उठला.

"उद्या बघू."

"कालबी उद्याच म्हणालास."

"घंटा सुटायची न्हाई," तो म्हणाला आणि चढून गेला.

भिवरी त्याच्या पाठीकडे बघत राहिली. तिचा ओठ थरथरला नाही. तिचा बाप जसा उभा राहतो तशी ती उभी होती.

त्या दुपारी ऊन कडक होतं. मेंढ्या एकमेकींच्या सावलीत डोकी घालून उभ्या होत्या. कुत्रं जीभ काढून वर कळपापाशी पडलं होतं. मेंढपाळाचे डोळे मिटलेले. खालून आठवी घंटा ऐकू येत होती, टिणटिण, टिणटिण. आज तर थांबतच नव्हती. पोर मजेत आहे, तो मनाशी म्हणाला. बऱ्याच दिवसांनी त्याचे खांदे सैल पडले.

आणि मग नाद बदलला.

तो चालण्याचा नाद नव्हता. पळण्याचाही नव्हता. घंटा दगडावर आपटत, ओढली जात, लांब चालली होती. एकदा जोरात वाजली. मग नाही वाजली.

मेंढपाळ उठला आणि धावला. काठी कुठे राहिली ते त्याला कळलं नाही. उतारावर तो दोनदा पडला. खळग्यात कोकरं एका कोपऱ्यात गोळा होऊन थरथरत होती. पलीकडे बोरीच्या जाळीत काळी दोरी लोंबत होती. दोरीला घंटा. खाली माती ओली, लाल.

त्याने हातांनी जाळी बाजूला केली.

मग त्याला जाळीच्या काट्यांत काहीतरी पांढरं दिसलं. लोकर. बाजूला मातीत लांडग्याची पावलं आणि काहीतरी ओढत नेल्याची रेघ. लहान खुरांचे ओरखडे. माणसाच्या पायाचं चिन्ह कुठेच नव्हतं.

घंटा कोकराच्या गळ्यात होती.

त्याने दोरी हातात घेतली. ती दातांनी तुटली होती, पण गाठ शाबूत होती. त्याच्या बापाची गाठ, नेमकी तशीच आवळलेली. आणि ती त्याने मारलेली नव्हती. ही गाठ सोडायला आणि मारायला ती कधी शिकली? कुठे बसून बघत होती? त्याला ठाऊक नव्हतं.

"भिवरे!" तो ओरडला. "भिवरे!"

ओ आली नाही. वरून फक्त सात घंटा ऐकू येत होत्या.

मग त्याला खरी भीती वाटली. लांडगा माळावर होता आणि पोर कुठे होती ते कळायला आता नाद नव्हता. म्हातारी मेंढी उन्हाची कुठे बसते ते त्याला माहीत होतं. फुटणाऱ्या दोघी कोणत्या गवताला भुलतात तेही माहीत होतं. पोरगी दुपारची कुठे जाते, ते माहीत नव्हतं.

तिने सांगितलं होतं. चारदा सांगितलं होतं.

काळ्या. काळ्या काय? दक्षिणेला काळी माती होती, ओढ्याकाठी. पश्चिमेला काळा खडक होता, आणि लांडग्याची रेघ त्याच बाजूला गेली होती. दोन्ही वाटा उलट्या. एक चुकली तर दुसरी गाठेपर्यंत ऊन उतरलं असतं. त्याने कपाळावर मूठ मारली. दीडशे जनावरांचा नाद ओळखणारे कान, आणि त्यात पोरीचा एक शब्द सापडेना.

पाय लई भाजतात, ती म्हणाली होती. ओढ्याकाठची माती भाजत नाही. आणि आणखी काहीतरी. जेवताना. शिंगं पोकळ असतात का, त्याच्या नंतर. एडका. एडका मुंगीएवढा दिसतो. ओढा खोल आहे, तिथून उतार दिसत नाही. दिसतो तो उंचावरून.

तो खडकाकडे धावला.

खडकाच्या पल्याड उंचावर सपाट, तापलेली जागा होती, सगळी खडे-गोटे. तिथे भिवरी पालथी पडली होती. पायात आईच्या जुन्या चपला, डोक्यावर घोंगडीचा तुकडा. हलत नव्हती. मेंढपाळाच्या तोंडून हाक फुटणार, इतक्यात तिचा एक हात मागे उठला. बोटं पसरलेली. थांब.

त्याला थांब म्हणणारं आजवर कुणी जन्मलं नव्हतं. तो थांबला. मग खाली वाकला, आणि त्या तव्यासारख्या दगडांवर पोटावर सरपटत तिच्याशेजारी जाऊन पडला.

चार हातांच्या अंतरावर टिटवी बसली होती. पंख जरा उचलून तिने अंड्यांवर सावली धरली होती. एका अंड्याला भोक पडलं होतं आणि त्यातून इवलीशी चोच आत-बाहेर होत होती.

"आलास व्हय," भिवरी कुजबुजली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. "लई उशीर केलास. दोन तर निघालीसुद्धा."

"घंटा कोकराला का बांधलीस?" त्यानेही कुजबुजून विचारलं.

"मग काय करू? वाजली न्हाई तर तुझा जीव खालवर होतो. म्हणून ठिपक्याला बांधली. तो सारखा उड्या मारतो." मग जरा थांबून, "आला का नाद?"

"आला," बाप म्हणाला.

पिल्लू पुरतं बाहेर येईपर्यंत तो पडून राहिला. पोटाला चटके बसत होते. इतका वेळ तो मुलीशेजारी कधी पडला नव्हता. तिच्या मानेवर उन्हाने पुरळ आलं होतं. उजव्या हाताच्या बोटांना काळी लोकर चिकटली होती. तिच्या श्वासाचा आवाज येत होता. तो कुठल्याही घंटेपेक्षा बारीक होता.

परत येताना त्याने तिला खरं ते सांगितलं. लपवणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"ठिपक्याला लांडग्यानं नेला."

भिवरी थांबली. चप्पल पायातून निसटली.

"माझ्यामुळं?"

मेंढपाळाने आयुष्यात स्वतःची चूक कबूल केली नव्हती. ना बायकोपुढे, ना पंचांपुढे. त्याने चप्पल उचलून तिच्या पायात घातली.

"न्हाई," तो म्हणाला. "माझ्यामुळं."

ती रडली. पुष्कळ रडली. त्याने तिला खांद्यावर घेतलं आणि गप्प बस असं म्हटलं नाही.

तळावर बायको आली होती. तिने नवऱ्याच्या हातातली तुटकी दोरी बघितली, खांद्यावरची पोर बघितली. तिच्या जिभेवर बरंच काही आलं असेल. ती एवढंच म्हणाली, "भाकर टाकते."

भाकरी आली तेव्हा भिवरीने डोळे पुसले आणि विचारलं, "आबा, टिटवीला कळत असंल का, आपण होतो ते?"

वर एक घंटा वाजली. मेंढपाळाची मान वळली. मग ती त्याने परत फिरवली.

"मला काय वाटतं सांगू?" तो म्हणाला. आणि ते दोघं बोलत बसले.

आठवी घंटा त्याने पुन्हा कुणाला बांधली नाही. ती आपल्या काठीला बांधली. आता आबा कुठे आहे ते भिवरीला कळू लागलं. दुपारी तो काळ्या खडकाकडे निघाला की अलीकडेच घंटा मुठीत दाबून धरी, म्हणजे टिटवी उठायला नको. तिथे जाऊन तो मुलीशेजारी पालथा पडे आणि काय काय झालं ते विचारी.

त्याची काळजी मात्र गेली नाही. ज्याच्या घरी लेक आहे त्याने ती जाईल अशी आशा धरू नये. पण आता जीव घाबरा झाला की कुठे शोधायचं, एवढं त्याला माहीत असे.

लेकराची चाहूल लागते म्हणून त्याची राखण होत नाही. राखण होते ती त्याचं बोलणं ऐकल्याने.