सिंहासनाची गोष्ट आणि राणीचा हुंकार

एका राज्यात एक राजा होता आणि त्या राजाला एकच गोष्ट येत होती. राजाचं नाव रणधवल. काळंजन जादूगाराला मारून आपण रत्नांचं सिंहासन कसं जिंकलं, ती गोष्ट. पहिल्या दिवशी सारा दरबार वाहवा म्हणाला. दुसऱ्या दिवशीही म्हणाला, राजाच तो! पण सिंहासन होतं शापाचं. मरता मरता काळंजन बोलून गेला होता, "घे, बस त्याच्यावर! रोज दिवेलागणीला हीच गोष्ट तुझ्या तोंडून निघेल. ऐकता ऐकता जो कंटाळेल, तो दगड होईल."

आता त्या राज्याची रीत अशी, की गोष्ट चालू झाली की ऐकणाऱ्याने 'हूं' म्हणून हुंकार द्यायचाच. मध्येच उठून जाणं म्हणजे सांगणाऱ्याचा अपमान. त्यामुळे उठतंय कोण! प्रधान जांभई देता देता दगड झाला. सेनापती जांभई देता देता दगड झाला. भालदार, चोपदार, पंखा ढाळणाऱ्या दासी, सगळे आ वासून जागच्या जागी थिजले.

उरली एकटी राणी केतकावती. तिचा राजावर फार जीव, म्हणून कंटाळा तिला हळूहळू चढत होता. आधी पावलं दगडाची झाली, मग गुडघे, मग कंबर.

"राणी, कान झाकून घे," राजा म्हणाला.

"मग हुंकार कोण देणार, महाराज? ऐकणारं कोणी उरलं नाही, तर तुमची गोष्ट तुम्हालाच ऐकावी लागेल. आणि तुमच्याइतकं तिला कंटाळलंय कोण?"

खोटं नव्हतं ते. राजाला स्वतःचा इतका वीट आला होता, की आरशासमोरून जाताना तो मान फिरवायचा. आलाच का हा पुन्हा, असं त्याच्या मनात यायचं.

एके सकाळी तो बघतो तर दगड राणीच्या छातीशी आलेला. आज गोष्ट झाली की गळा गाठणार, मग हुंकार फुटायचा कुठून? राणीचा हात हातात धरून राजा ढसाढसा रडला.

तेवढ्यात गवाक्षातली साळुंकी बोलली, "राजा, रडून झालं असेल तर ऊठ. तीन जणांकडे जायचंय. पहिलं कासव, दुसरी चिंच, तिसरा तू ज्याला मारलंस तो. तिघांच्या गोष्टी ऐक, हुंकार दे. मध्ये स्वतःला आणलंस, की गोष्ट पहिल्यापासून."

"एवढंच?" राजा म्हणाला.

"एवढंच," म्हणून साळुंकी हत्तीएवढी झाली आणि राजाला पाठीवर घेऊन उडाली.

तळ्याकाठी म्हातारं कासव बसलं होतं. ते सांगू लागलं, "एका उन्हाळ्यात तळं आटलं. मी चिखलात रुतलो..."

"चिखल म्हणशील तर," राजा म्हणाला, "आमच्या लढाईत घोड्याच्या पोटापर्यंत..."

कासवाने डोळे मिटले. "एका उन्हाळ्यात तळं आटलं."

दुसऱ्या खेपेला राजाला स्वतःची तहान आठवली. "एका उन्हाळ्यात तळं आटलं," कासव म्हणालं. तिसऱ्या खेपेला राजाने ओठ घट्ट दाबले आणि नुसतं 'हूं' म्हटलं. कासव शेवटपर्यंत बोललं. चिखलात शेजारी एक बेडकी होती, तिच्याशी बोलत त्याने उन्हाळा काढला. पाऊस आला, बेडकी उडी मारून गेली ती गेलीच. राजाला वाईट वाटलं, अगदी मनापासून. आणि काय आश्चर्य, इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो घटकाभर स्वतःला विसरला होता. डोक्यावरचं ओझं कुणी उतरवून घ्यावं, तसं त्याला हलकं वाटलं.

चिंच फार जुनी. एक शब्द बोलायची आणि मग गप्प. राजा खोडाला टेकून बसला. घाई केली नाही, मध्ये तोंड घातलं नाही. चिंचेची गोष्ट एवढीच होती, की तिच्या फांदीला एकदा कुणीतरी झोका बांधला होता. राजाने विचारलं, "मग?" चिंच खूश होऊन सळसळली.

तिसरं ठिकाण म्हणजे एक गुहा. आत काळंजन ताक पीत बसलेला. जादूगारांचं मरण काही पक्कं नसतं.

"आलास?" तो म्हणाला. "सांगून सांगून तू दमलास, मरून मरून मी दमलो! तिकडे तुझी गोष्ट संपते आणि इकडे मी धाडकन कोसळतो. रोज ताक सांडतं. शाप देताना हे काही माझ्या ध्यानात आलं नाही बघ."

राजाने त्याचं गाऱ्हाणं शेवटपर्यंत ऐकलं. माझं चुकलं नाही की माझं चुकलं, काहीही म्हणाला नाही. नुसता हुंकार दिला.

काळंजनाचा चेहरा निवळला. "शाप मला मागे घेता येत नाही. पण खऱ्या हुंकारापुढे तो लुळा पडतो. दिवेलागणीला राणीची गोष्ट चालू असू दे आणि तिला तू हुंकार देत राहा. पळ!"

राजा पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती; पेटवायला दासी नसल्या तरी शापाने एकेक समई आपोआप पेटू लागली होती.

"राणी, लवकर! तुझी गोष्ट सांग."

"माझी?" राणी थकून म्हणाली. "मी तर तुमचीच ऐकत आले. मला कसली गोष्ट!"

राजाची जीभ वळवळू लागली. 'मी घोड्यावर...' शब्द दाताशी आले. त्याने ते कसेबसे गिळले आणि विचारलं, "हुंकार देताना तुझ्या मनात काय यायचं?"

राणी खुदकन हसली. "सांगू? रागवाल. तुम्ही घोड्यावर चढलात, की मी मनाने माहेरच्या ओढ्यावर जायची. मी आणि माझी बहीण केळीच्या खांबांचा तराफा करायचो..."

"हूं."

"एकदा तराफा सुटला. बहीण तराफ्यावर, मी काठावर..."

शेवटची समई पेटली. राजाची जीभ नुसती आगीसारखी झाली. पण बहिणीचं काय झालं, ते राजाला खरोखरच कळायला हवं होतं.

"मग?" तो म्हणाला.

त्या 'मग'सरशी सिंहासन तडकलं. रत्नांचे खडे झाले, खड्यांची माती झाली. राणीच्या छातीवरून, कमरेवरून, पावलांवरून दगड गळून पडला. आणि प्रधानाने, सेनापतीने, भालदार-चोपदारांनी आपापली अर्धी राहिलेली जांभई एकदम पुरी केली. केवढा मोठा आवाज झाला! सगळे डोळे चोळत एकमेकांकडे बघू लागले. तिकडे गुहेत काळंजन शेवटच्या घोटापर्यंत ताक प्यायला.

मातीवर सतरंजी अंथरून राजा राणीच्या पायाशी बसला. जुन्या सवयीने प्रधान हात जोडून पुढे आला. "महाराज, आज ती सिंहासनाची गोष्ट..."

"नको!" राजाच सगळ्यांच्या आधी ओरडला आणि पोट धरधरून हसला. मग डोळे पुसून राणीला म्हणाला, "हूं. तराफा सुटला. मग?"