टर्बोने तोंड उघडलं

घाटात मोबाईलची रेंज पोचली नव्हती, तेव्हाची गोष्ट. एका डिझेल जीपमध्ये टर्बो राहत होता. गरगर फिरून चढावर इंजिनाला जादा हवा पुरवायची, हे त्याचं काम. पण काही दिवसांपासून त्याला ऑईल नीट मिळत नव्हतं. ऑईल जुनं होऊन काजळीने घट्ट झालं होतं आणि त्याची बारीक नळी तुंबत चालली होती. तक्रार केली तर आपल्याला काढून टाकतील, या भीतीने तो गप्प बसला.

एका दुपारी ड्रायव्हर येसाजी बाळंतपणात अडलेल्या पारूला दवाखान्यात नेत होता. चढावर टर्बो भाजून निघाला.

"तू कण्हतोयस," इंजिन म्हणालं.

"काही नाही. ओढू आपण."

"तू मोडलास तर तुझे तुकडे माझ्या पोटात येतील आणि ही बाई वाटेतच राहील. काय होतंय ते सांग."

टर्बोला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "मला ऑईल पोचत नाही रे."

"मग मोठ्याने ओरड. येसाजीला कळू दे."

टर्बोने कर्कश शीळ घातली. येसाजीने कान टवकारले, ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला आणि खालचा गिअर टाकला. "सावकाश जाऊ, ताई. पण पोचू."

जीप रखडत पोचली. थोड्याच वेळात दवाखान्यातून बाळाचं रडणं ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी येसाजीने नळी साफ करून नवं ऑईल भरलं. टर्बो इतका अलगद, बिनआवाज फिरू लागला, की इंजिनाने विचारलं, "आहेस ना रे?"

"आहे," टर्बो म्हणाला. "बरं वाटतंय."