मुंगूसगुरुजींचा सापाचा धडा

फार पूर्वी मुंगसांनाही शाळेची हौस आली होती. पिल्लं सापाचा धडा घडाघडा म्हणत आणि मुंगूसगुरुजींची छाती फुगे.

एका पिल्लानं विचारलं, "गुरुजी, पण साप धरायचा कुठं?"

"आगाऊपणा नको!" गुरुजी खेकसले. "आधी पाठ कर, मग आपोआप कळेल."

रोज बिळातून हा धडा ऐकून धीट झालेला नाग एके दिवशी वर्गातच शिरला. पिल्लं शिस्तीत उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, "साप लांब असतो. साप विषारी असतो."

"शाब्बास! आता मला धरायचं कुठं, ते सांगा."

पिल्लांनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी बाभळीवर होते.

त्यांच्या आसनावर निवांत वेटोळं घालत नाग म्हणाला, "असंच शिकवत राहा, गुरुजी. आमच्या सात पिढ्या तुम्हाला दुवा देतील."